माशीखाऊला हात लावू नये

३ एप्रिल

आज प्लास्टर काढलं. आतून निघालेला पाय बघून ओळखच पटेना, वाळक्या शेंगेसारखा झालाय. हाडांचे डॉक्टर म्हणाले, हिवाळ्याच्या तोंडापर्यंत ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत बसायचं नाही. "मग मी करू काय?" असं विचारलं तर म्हणाले, "काही करू नका." हे वाक्य मला आजवर कुणी ऐकवलेलं नव्हतं. या गावात ज्या बायका आज गाडी चालवतात त्यातल्या निम्म्या माझ्या हाताखालून गेल्यात. स्टिअरिंगवर घाबरलेली कुणीतरी, शेजारच्या सीटवर मी, आणि माझ्या पायाखाली माझा वेगळा ब्रेक, असं आयुष्य गेलं. एकीलाही कधी खरचटलं नाही.

फेब्रुवारीतल्या त्या दिवशीसुद्धा लागलं ते मलाच. पोस्टात काउंटरवर बसणारी एक विद्यार्थिनी, तिने ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला आणि आम्ही गोदामाच्या भिंतीवर गेलो. माझा ब्रेक वेळेवर होता हे इथे लिहून ठेवते, कारण लोक काहीबाही बोलतात. मी पाय मारला नसता तर आम्ही भिंतीच्या पलीकडे निघालो असतो. तिच्या केसालाही धक्का लागला नाही. माझा गुडघा मात्र डॅशबोर्डवर आपटला.

आता क्लास सून चालवते. मीच तिला तयार केलंय, शिकवण्याचं लायसन्सही तिने पहिल्या फटक्यात काढलं. पण तिचा पाय मऊ आहे, ब्रेक मारतच नाही. म्हणते, "आई, त्या आपणहून मारतील की." मारतील की म्हणे. मला धास्ती वाटते.

६ एप्रिल

माझी एक जुनी विद्यार्थिनी नर्स आहे, हॉस्पिटलात माझ्याच वॉर्डात होती. आज ड्युटीवरून परस्पर आली आणि टेबलावर तीन छोट्या कुंड्या ठेवल्या. व्हीनस फ्लायट्रॅप. प्रत्येक पानाच्या टोकाला उघड्या शिंपल्यासारखं एक तोंड, कडेला दाते, आतून लालसर. माशी आत बसली की तोंड मिटतं आणि झाड तिला सावकाश पचवतं. नर्सच्या गच्चीत अशा कितीतरी कुंड्या बारा महिने उघड्यावर असतात.

"याला काय काय लागतं ते नीट सांग," मी म्हटलं.

"सांगण्यासारखं काही नाही, बाई. भरपूर ऊन. खालच्या थाळीत पाणी, पण नळाचं नको, त्यातल्या क्षारांनी मरतं ते. पावसाचं द्या, नाहीतर गाडीच्या बॅटरीत घालता ते डिस्टिल्ड. खत नको, चांगली माती नको, खायला घालायचं नाही. थंडी पडली तरी घरात आणायचं नाही."

"आणि मी काय करायचं?"

"काहीच नाही. म्हणून तर तुमच्यासाठी आणलं."

याचा अर्थ काय हे विचारेपर्यंत ती चप्पल घालून जिन्यात होती. कुंड्या गॅलरीच्या कठड्याजवळ ठेवल्या, जिथे दुपारभर ऊन असतं. बॅटरीच्या पाण्याचा कॅन आमच्याकडे कायम असतो, त्यामुळे तो प्रश्न आपोआप मिटला. दुसरी कुणी असती तर पाण्यासाठी बाजारात धावली असती.

२१ एप्रिल

हे विमा कंपनीतून रिटायर झाल्यापासून प्रत्येक गोष्टीला नाव ठेवतात. झाडांना त्यांनी "तोंडाळ" असं नाव दिलंय. दिवसातून चारदा "काय म्हणतेय आमची तोंडाळ?" असं विचारतात, आणि विचारताना गॅलरीकडे न बघता माझ्याकडे बघतात. मी लक्ष देत नाही. मी "माशीखाऊ" म्हणते, सरळ आणि खरं.

झाडं झकास आहेत. सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी ब्रेक दाबून बघायचा हा माझ्या क्लासचा पहिला नियम, तोच मी इथे लावलाय. चहा झाला की काडी घेऊन एकेक तोंड मिटतं की नाही ते बघते. सगळी व्यवस्थित चालू आहेत. एका कोपऱ्यातलं जरा मंद आहे, त्याच्यावर नजर ठेवून आहे.

सुनेला आज लेसन चालू असताना फक्त तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा तिने उचलला नाही.

९ मे

घात झाला. तोंडं काळी पडतायत. आधी ते मंद होतं ते गेलं, मग त्याच्या शेजारची दोन, आता अर्धी कुंडी जळाल्यासारखी दिसते. यांना फैलावर घेतलं. बरंच उलटसुलट विचारल्यावर कबूल झाले की एकदा ब्रेडचा तुकडा भरवला होता. "एकदाच, ते भुकेलं दिसलं म्हणून." मी म्हटलं, मला भुकेली बघून कधी कुणी ब्रेड भरवला नाही. ते पेपरात तोंड घालून बसले.

नर्सला फोन लावला आणि ब्रेडचं सांगितलं. ती म्हणाली, ब्रेडने एखादं तोंड सडेल, एवढी कशी जातील? मग विचारते, "बाई, तुम्ही हात लावता का त्यांना?"

"हात नाही. काडीने तपासते, रोज सकाळी."

मग ती म्हणाली, "प्रत्येक वेळी मिटायला त्याची ताकद जाते, बाई. आत काही मिळालं नाही तर ती वाया जाते. चारपाच वेळा उगाच मिटवलंत की ते तोंड संपलंच."

म्हणजे मी रोज ब्रेक तपासून तपासून ब्रेकच झिजवले. हे तिने आधी सांगायला हवं होतं. इतकी वर्षं लोकांना शिकवणाऱ्या बाईला कुणी काही सांगत नाही, सगळ्यांना वाटतं हिला येतच असेल. काड्यापेटी यांच्याकडे दिली आणि म्हटलं लपवून ठेवा. दुपारभर चैन पडलं नाही. तीन वाजता सुनेला फोन करून सांगितलं की चढावर गाडी मागे सरकते तेव्हा तू ताबडतोब ब्रेक मार. ती म्हणाली, "आई, आम्ही सपाट रस्त्यावर आहोत."

२८ मे

लिहायला अभिमान वाटतो की तिन्ही कुंड्यांत नवी तोंडं आलीत, आधीपेक्षा मोठी. मी काहीही केलेलं नाही. थाळीत पाणी कमी झालं की ओतते, तेवढंच. आणि आज माझ्या डोळ्यांदेखत एक माशी आली, कडेला बसली, आत शिरली, आणि खटकन तोंड मिटलं. मी यांना हाक मारली, यांनी शेजाऱ्यांना मारली, पंधरा मिनिटांत गॅलरीत उभं राहायला जागा नव्हती. शेजारीण बोट पुढे करून म्हणाली, "दुसरं एक मिटवून दाखवा ना." मी तिला जागच्या जागी थांबवलं. झाडाला त्याचं कळतं, आपण मधे मधे केलं की बिघडतं, हे सगळ्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात "हात लावू नये" असं लिहून कठड्याला बांधलं.

सून जिन्यातून वर येत होती, तिने सगळं ऐकलं. पाणी पिऊन परत क्लासला गेली. या महिन्यात तिच्या चारही बायका टेस्टमध्ये पास झाल्या. पाया माझा होता म्हणा.

१७ जून

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे आठवड्यातून तीनदा जावं लागतं. सून म्हणाली, गाडीने सोडते, वाटेवरच आहे. मी बसने गेले. बसमध्ये उभं राहिलं की पायाला आपोआप व्यायाम होतो, आणि त्या गाडीत नव्या सीट कव्हरचा वास येतो, तो मला सोसत नाही. हे म्हणाले, "कव्हर तर जुनंच आहे." यांना वासाचं काय कळतंय.

पाऊस बरा पडतोय. गॅलरीतल्या नळीखाली पातेलं ठेवलं की थाळ्यांपुरतं पाणी मिळतं. बॅटरीच्या पाण्याची गरजही संपली.

५ जुलै

आज सून एका बाईला घेऊन आली. "आई, या झाडं बघायला आल्यात." बघते तर पोस्टातली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा दिसली. वाळलीय. माझ्या पायाकडे बघायचं नाही असं ठरवून आली असावी, कारण सगळा वेळ माझ्या कपाळाशी बोलत होती. सुनेला लगेच काम आठवलं आणि ती निघून गेली.

मी तिला तिन्ही कुंड्या दाखवल्या, पाण्याचं, उन्हाचं सगळं सांगितलं. मग विचारलं, "शिकायचं थांबवलंस म्हणे."

"थांबवलं, बाई." मग हळूच म्हणाली, "मार्चपासून मला लांबच्या पोस्टाची मुख्य करणार आहेत. तिथे बस जात नाही. गाडी येत असेल तरच हो म्हणायचंय."

"मग शीक. सून शिकवेल."

"तुमच्या शेजारी बसून शिकेन. नाहीतर नाही."

मी म्हटलं, हिवाळा येऊ दे, डॉक्टरांनी हो म्हटलं की मी आलेच. याहून सोपं काय असणार. कुठल्या शिकवणारीला असा मान मिळतो? सुनेला मी हे जेवताना दोनदा सांगितलं.

३ ऑगस्ट

पोस्टातली आता दर रविवारी येते. झाडांची गोडी लागलीय तिला. तिच्याआधी भाजीवाल्याची मुलगी आणि शाळेतल्या संगीताच्या बाईही येऊन गेल्या. दोघी सुनेकडे शिकतात आणि दोघीही भित्र्या. भित्र्या बायकांनाच झाडांची हौस का असते कळत नाही. सगळ्या सुनेच्या मार्फत येतात. माझ्या गॅलरीची कीर्ती पसरलीय हे उघड आहे.

पोस्टातलीला आज मी खास परवानगी दिली. यांच्याकडून काडी मागून घेतली आणि म्हटलं, तोंडाच्या आत बारीक केस आहेत, त्यातल्या एकाला हळूच लाव. तिने लावली. काही झालं नाही.

"मिटलं नाही, बाई."

"एकदा लागलं तर मिटत नाही. वारा असेल, वाळकं पान असेल. पाठोपाठ दुसऱ्यांदा लागलं तरच मिटतं. ते घाबरट नाही, आधी खात्री करतं."

ती काडी हातात धरून खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी समोरून एक कागद उडत आला होता. मला वाटलं कुत्रं. ब्रेकच मारायला गेले होते, पाय चुकला."

"कागद मलाही दिसला होता," मी म्हटलं. "म्हटलं, बघेल ती."

हे मी का बोलले कोण जाणे. बोलायची गरज नव्हती. ती एकदम माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागली, आणि मी तिला चहा विचारला. माझा ब्रेक वेळेवर होता. रस्त्यावर टायरचे काळे ओरखडे भिंतीच्या किती अलीकडे सुरू होतात ते कुणीही जाऊन मोजावं.

१० ऑक्टोबर

हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा वाकवून, दाबून, उभं करून, बसवून बघितलं. म्हणाले, "फर्स्ट क्लास. उद्यापासून गाडीत बसा. ब्रेकही मारा."

मी विचारलं, पाय थोडा आखडतो, अजून थोडे दिवस नको का? ते म्हणाले, नको. विचारलं, थंडीत त्रास झाला तर? म्हणाले, थंडीत सगळ्यांनाच होतो. मी पुन्हा एक्स-रे काढायचा का असंही विचारलं. डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, तुम्ही मला फीचा धंदा करून देताय."

घरी आल्यावर सगळे खूष. यांनी शेजाऱ्यांकडे मिठाई पाठवली. सुनेने गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली, म्हणाली, "आई, सोमवारपासून?"

मी म्हटलं, एवढी घाई करून चालायचं नाही. आता झाडांचा हिवाळा सुरू होतोय. नर्सने बजावून सांगितलंय की हा काळ नाजूक असतो. मी सकाळीच बाहेर पडले तर त्यांच्याकडे कोण बघणार?

मग हे चमच्याने साखर ढवळत म्हणाले, "त्यांना तर काहीच लागत नाही, असं तूच सगळ्या गल्लीला सांगत असतेस."

मला इतका राग आला की मी उठून गॅलरीत गेले. तिथे खरोखरच करण्यासारखं काही नव्हतं. थाळीत पाणी होतं. पुठ्ठा जागेवर होता.

२२ नोव्हेंबर

थंडी पडली आणि झाडांनी माना टाकल्या. मोठी तोंडं एकेक करून काळी झाली, आता मातीलगत चार खुरटी पानं उरलीत. रात्री पारा बराच खाली जातो. यांना कुंड्या स्वयंपाकघरात शेगडीजवळ आणायच्या होत्या, मी आणू दिल्या नाहीत. नर्स म्हणते, ही त्याची झोप आहे, थंडी लागली नाही तर पुढच्या वर्षी जगणार नाही. ऐकायला ठीक आहे. बघवत नाही.

एका कुंडीत मी बोटाने माती जराशी उकरून बघितली. आत पांढरा, घट्ट कांदा होता, लसणाच्या पाकळीएवढा. मेलेला नाही. माती परत सारखी केली आणि कुणाला सांगितलं नाही, कारण पुठ्ठा मीच लिहिलाय.

किल्ली अजून माझ्या टेबलावर आहे. सून तिच्याबद्दल विचारत नाही. गाडीची दुसरी किल्ली घेऊन सकाळी निघते आणि दुपारी येते. तिने विचारलं असतं तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. विचारत नाही म्हणून मला रात्री झोप लागत नाही.

खरं सांगायचं तर मला काय झालंय ते मलाच समजत नाही. पाय चांगला आहे. बाजारात जिने चढते. पण खाली गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला की मी आतल्या खोलीत जाऊन बसते. वयामुळे आवाज सोसत नसतील.

१३ डिसेंबर

पोस्टातली आली. आज रविवार नव्हता. उभ्याउभ्याच म्हणाली, "बाई, मी त्या मुख्यपदाला नाही म्हणून कळवतेय. तेवढं सांगायला आले. तुमच्या मागे लागून तुम्हाला त्रास नको."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, माझी एकही विद्यार्थिनी आजवर अर्ध्यात सुटलेली नाही. काउंटरवर तिकिटं चिकटवत जन्म काढायचाय का? एवढ्या लोकांतून तुला मुख्य करतात आणि तू एका पेडलला घाबरून घरी बसतेस?

तिने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुम्हीही बसलायतच ना, बाई."

मी तिला जायला सांगितलं. ती गेली. फाजील बोलली. माझ्या घरी येऊन, माझा चहा पिऊन, मला असं बोलली. हे आतल्या खोलीत होते, सगळं ऐकू गेलं असणार, पण पेपरचं पान उलटल्याचासुद्धा आवाज आला नाही.

१४ डिसेंबर

दिवसभर कुणाशी बोलले नाही. ती खरं बोलली.

कागद मी बघितला होता. मला वाटलं होतं ती सावरेल. नाही सावरली. आता गाडीत बसायचं म्हटलं की मला तो कागद दिसतो. भीती वाटते, आणि ती पोस्टातलीच्या पायाची नाही, माझ्या डोक्याची वाटते. या वहीत लिहिलं म्हणून ठीक आहे. यांना सांगायचं धैर्य नाही.

१९ डिसेंबर

दुपारी सगळे झोपलेले असताना किल्ली घेऊन खाली गेले. गाडी गल्लीत उभी होती. शेजारच्या सीटवर जाऊन बसले. दार लावून घेतलं. कसलाही वास येत नव्हता. ब्रेकवर पाय ठेवला. काढून घेतला, परत ठेवला.

कधीतरी स्टिअरिंगकडचं दार उघडलं आणि सून आत येऊन बसली. मला वाटलं आता काहीतरी समजूत घालेल. तिने गाडी चालू केली आणि म्हणाली, "आई, मला शिकवा. मी नवीन आहे."

"काहीतरीच."

"क्लच कुठला?"

मी सांगितला. तिने गाडी काढली आणि अशी घाणेरडी चालवली की माझ्याकडे आलेल्या पहिल्या दिवशीही तिने अशी चालवली नसेल. गचके काय, गिअरचा खडखडाट काय. कोपऱ्यावर सायकलवाला आला तर सरळ त्याच्याच दिशेने निघाली. मी ब्रेक मारला. गाडी थांबली. सायकलवाला शिव्या घालत निघून गेला.

"वेळेवर होता," सून म्हणाली.

मग आम्ही दोघीही हसत सुटलो आणि मला डोळे पुसावे लागले. या पोरीला मी आजवर मऊ म्हणत आले. घरी येईपर्यंत ती तशीच चालवत राहिली, आणि मी आणखी दोनदा ब्रेक मारला, आणि एकदा पाय उचलून तसाच थांबवला. तेव्हा तिने आपणहून मारला.

२० डिसेंबर

सकाळी पोस्ट उघडल्या उघडल्या काउंटरसमोर जाऊन उभी राहिले. तिकिटं नकोत, मनिऑर्डर नको, म्हटलं, उद्या सात वाजता गाडीपाशी ये. तिने अजून नकार कळवला नव्हता. तिच्या मागे बसलेला कारकून आमच्याकडे बघत होता, त्याला म्हटलं, तू तुझं काम कर.

८ जानेवारी

पोस्टातली माझ्याइतकीच कापते. पहिल्या दिवशी दोघी कापत होतो, फक्त तिला ते माहीत नव्हतं. आता ती रेल्वेच्या फाटकापर्यंत गाडी सरळ नेते. कागद, पिशव्या, सावल्या बघून थबकते, पण पाय नाचवत नाही. बघते, थांबते, पुन्हा बघते. मी काही बोलत नाही. न बोलणं किती कष्टाचं आहे हे आजवर कुणी मला सांगितलं नव्हतं. जीभ दाताखाली धरून बसते आणि घरी आल्यावर यांच्याशी भरपूर बोलते. ते म्हणाले, "बरं झालं, काही दिवस घर फार शांत होतं."

सुनेने आज सहज सांगितलं की भाजीवाल्याची मुलगी आणि संगीताच्या बाई दोघी पास झाल्या. "दोघींनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. म्हणाल्या, गॅलरीतल्या शिकवणीची फी द्यायची राहिली."

मी म्हटलं, झाडं बघायची फी कशाची? सून मान खाली घालून हसत होती. तिला काय झालंय हल्ली कळत नाही.

१६ फेब्रुवारी

मातीतून हिरवे कोंब वर आलेत, तिन्ही कुंड्यांत. वर्षभर उघड्यावर राहिली, थंडी सोसली, मी बॅटरीचं आणि पावसाचं पाणी सोडून काही दिलं नाही. नर्स स्वतः येऊन बघून गेली आणि म्हणाली, "माझ्यापेक्षा चांगली आलीत, बाई." हे तिचं वाक्य मी यांना शब्दशः ऐकवलं, आणि शेजारणीलाही.

२३ फेब्रुवारी

टेस्ट. आरटीओचे साहेब तिच्या शेजारी बसले, मी मैदानाच्या कडेला बाकावर. तिने सगळं व्यवस्थित केलं. शेवटच्या वळणावर एक कुत्रं, यावेळी खरंखुरं, मधे येऊन बसलं. माझा पाय बाकाखाली मातीत रुतला. तिने गाडी हळू केली, बघितलं, कुत्रं हलेना, मग थांबवली. कुत्र्याने सावकाश उठून आळस दिला. साहेबांनी बाहेर येऊन सही केली आणि विचारलं, "कुणाकडे शिकलात?" तिने बोट दाखवलं. मी उभी राहिले. साठी ओलांडलेली बाई मी, पण पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीसारखी ताठ उभी होते.

४ मार्च

आज पोस्टातली तिच्या नव्या पोस्टावर रुजू व्हायला निघाली, स्वतः घेतलेल्या जुन्या गाडीने, एकटी. सकाळी आमच्या दारावरून गेली. मी, सून आणि हे, तिघंही फाटकात उभे होतो. तिने हात केला नाही, दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, मी शिकवलं तसेच. तिच्या शेजारची सीट रिकामी होती. वळणावर सिग्नल दिला, थांबली, दोन्हीकडे बघितलं आणि गेली. मी उगाच फाटकाची कडी लावत उघडत राहिले, आणि यांनी माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

गाडी दिसेनाशी झाल्यावर सुनेने वेळापत्रक काढलं. "आई, सोमवारपासून नऊ जणी आहेत. कशा वाटून घ्यायच्या?"

मी म्हटलं, "ज्या सगळ्यात जास्त घाबरतात त्या मला दे."